ओमची खूण

चाकण,
१८ ऑगस्ट २०२५

ती. अक्का,
नमस्कार. पाकिटात पत्राबरोबर एक पेन ड्राइव्ह आहे. तो आधी काढून कपाटात ठेव, नाहीतर तुझी लेक तेजल त्यात कॉलेजच्या नोट्स भरून मोकळी होईल. परवा आमच्या बँडचा कार्यक्रम झाला, त्याचं अख्खं रेकॉर्डिंग त्यात आहे.

फोन का करत नाही, असं तू विचारशीलच. खोलीत रेंज नाही. कंपनीत फोन गेटवर ठेवून घेतात. आणि खोली ते कंपनी या रस्त्यावर कंटेनरच्या हॉर्नशिवाय काही कानावर पडत नाही. त्यापेक्षा पत्र बरं. शाळेतल्या मुलींच्या वह्या तपासतेस तशी लाल शाई वापरलीस तरी चालेल.

बँडबद्दल तुला थोडं सांगायला हवं, कारण तुझ्या मते मी अजून गणपतीच्या मांडवात गिटार वाजवतो. आमच्या बँडचं नाव 'तिसरी पाळी'. मी गिटारवर, ओम ड्रमवर, शेखर बास गिटारवर. तिघंही एकाच कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये आहोत, जिथे पत्रा दाबून गाड्यांचे दरवाजे काढतात. आम्ही वाजवतो त्याला सायकेडेलिक रॉक म्हणतात. गाणं ठरलेलं नसतं, शब्द नसतात. एक स्वर धरून निघायचं आणि तासभर तो नेईल तिकडे जायचं. गिटारचा आवाज यंत्रातून असा फिरवायचा की विहिरीत हाक मारल्यासारखा घुमत राहतो. मागच्या भिंतीवर मुरारी नावाचा आमचा मित्र रंगीत तेल तापवून प्रोजेक्टरने त्याचे वितळते आकार सोडतो. तू म्हणशील, हे आमच्या आलापीचंच वाया गेलेलं भावंड. म्हण.

या सगळ्यात एकच गोष्ट ठरलेली असते, ती म्हणजे ओमची खूण. तो ड्रमवर एक छोटा तुकडा तीनदा वाजवतो, तुमच्या तिहाईसारखा. तो संपला की तिघांनी एकदम जुना षड्ज सोडून नव्यावर जायचं.

कार्यक्रम माण गावात झाला, आयटी पार्कच्या मागच्या एका जुन्या गोदामात. ऐकायला सगळी आयटीतली पोरं. मध्यावर मुरारीने आम्हाला न विचारता सगळे दिवे घालवले. रेकॉर्डिंगमध्ये लोकांचा मोठा ओरडा ऐकू येईल, तिथून अंधार सुरू झाला असं धर. त्या अंधारातलं वाजवणं लोकांना वेड्यासारखं आवडलं. एक जण येऊन माझा हात धरून म्हणाला, "भावा, ते कसं सुचलं तुला?" मी नुसता हसलो.

तर काम असं आहे. अंधारातल्या भागात तिघांपैकी कोण कुठे होतं, ते मला नीट लिहून कळव. आत बसून वाजवणाऱ्याला अंदाज येत नाही. गोड गोड लिहू नकोस, आणि शक्य तितक्या लवकर लिही.

तुझा,
निरू

उदगीर,
२५ ऑगस्ट २०२५

चि. निरू,
अनेक आशीर्वाद. तुझा पेन ड्राइव्ह आल्या दिवशीच लावला. पहिल्या पाच मिनिटांत शेजारच्या कस्तुराबाई दारात येऊन विचारून गेल्या, "मिक्सर बिघडलाय का हो बाई?" मग मी तेजलचे हेडफोन घेतले आणि माळवदावर जाऊन बसले.

आता खरं सांगते. सुरुवातीला मला राग आला. तंबोरा लावताना आमचे गुरुजी जितका वेळ घेत, तितका वेळ तुम्ही नुसते एका स्वरावर घोळ घालत बसला होतात. पण मग तो ओम हळूच आत आला आणि माझी मान कधी हलायला लागली ते माझं मलाच कळलं नाही. पोरगं तालाचं पक्कं आहे. शेखर कमी बोलणारा, पण जिथे बोलतो तिथे खांब रोवल्यासारखा. आणि तू! लहानपणी माझ्या हार्मोनियमच्या भात्यात चिंचोके भरणारा तू, असा एक स्वर लांबवतोस की ऐकणाऱ्याने श्वास धरावा. हे कुठे शिकलास रे?

तुझा अंधार मी चारदा ऐकला. ओरडा होतो, त्यानंतर थोड्या वेळाने ओमची खूण येते. तीनदा, स्वच्छ. शेखर लगेच षड्ज बदलतो, ओमही ठेका बदलतो. आणि तू बदलत नाहीस. तू जुन्याच षड्जावर उभा. ओम पुन्हा खूण देतो. तू नाही. तिसऱ्यांदा देतो, या वेळी जरा जोरात. तरी तू आपल्या जागी. खाली जमीन सरकली आहे आणि वरचा माणूस जुन्याच जमिनीवर असल्यासारखा निवांत चालतो आहे. तुझे तेच स्वर आता वेगळेच लागायला लागतात. जो पंचम होता तो टोचतो, जो गंधार होता तो रडवतो. माझ्या अंगावर काटा आला.

हे असं मुद्दाम करायला छाती लागते. साथीदार तीनदा बोलावत असताना न जाणं म्हणजे काय खेळ आहे? मी तुला कधी तोंडावर चांगलं म्हटलेलं नाही, कारण तू लगेच डोक्यावर बसतोस. या वेळी म्हणते. शाळेत आठवीच्या मुलींना तेवढाच तुकडा ऐकवला आणि सांगितलं, हा माझा भाऊ.

गौरी-गणपतीला येणार नाहीस हे गृहीत धरलंय. निदान वेळेवर जेव.

अक्का

चाकण,
६ सप्टेंबर २०२५

ती. अक्का,
पत्र वाचून फार बरं वाटलं. हो, ते मुद्दामच केलं होतं. म्हणजे अगदी ठरवून नाही, त्या क्षणी वाटलं, नाही जायचं. तू बरोबर ओळखलंस.

एक मोठी बातमी आहे. डिसेंबरात पुण्याला एक मोठा महोत्सव असतो, तिथून आम्हाला बोलावणं आलंय. त्या संयोजकांनी हेच रेकॉर्डिंग ऐकलं. त्यांचा निरोप असा की अंधाराचा भाग तसाच पाहिजे, दिवे घालवून. शेखर तर तेव्हापासून जमिनीवर नाही. ओम गप्प आहे, पण तो गावातला माणूस, आनंद झाला तरी शेताकडे बघितल्यासारखाच बघतो.

माझी पंचाईत अशी आहे की जे एकदा आपोआप झालं ते पुन्हा करायचं म्हणजे त्याचा नकाशा हवा. म्हणून तुला पुन्हा त्रास देतो. मी जुन्या षड्जावर साधारण किती थांबलो? तेवढ्या वेळात ओम काय वाजवत होता, शेखर काय वाजवत होता? आणि मुख्य म्हणजे शेवटी आम्ही एकत्र कसे आलो? मी नव्या षड्जावर गेलो, की आणखी काही झालं? शेवटी टाळ्या वाजल्या तेव्हा आम्ही एकत्र होतो एवढं मला माहीत आहे, मधलं सगळं तंद्रीत गेलं.

हे जरा सविस्तर लिही. तुझ्याशिवाय कुणाला विचारणार? ओम-शेखरला विचारलं तर म्हणतील, वाजवलंस तू आणि विचारतोस आम्हाला?

हे पत्र घाईत लिहितोय, पहिली पाळी आहे. तब्येत छान आहे.

निरू

उदगीर,
१५ सप्टेंबर २०२५

चि. निरू,
तू विचारलेलं आधी सांगते, म्हणजे तू पत्र अर्धवट वाचून ठेवणार नाहीस.

तू जुन्या षड्जावरून हललाच नाहीस. शेवटपर्यंत नाही. तू नव्यावर गेला नाहीस. ते दोघं तुझ्याकडे परत आले. आधी ओमने ठेका सोडला. मग नुसती झांज वाजत राहिली, फार हळू. मग शेखर एकेक स्वर चाचपत खाली उतरत तुझ्या षड्जावर येऊन थांबला. पुढच्या आळीत चुकलेल्या पोराला शोधून, हाताला धरून घरी आणावं तसं त्यांनी तुला आणलं. आणि निरू, तुला आणलंय हे तुझ्या वाजवण्यात कुठेच दिसत नाही. तू चुकला होतास हेच तुला माहीत नव्हतं, असं ते वाजवणं आहे.

आणखी एक आहे. शेवटाकडे, झांजेच्या खाली, माणसाचा आवाज आहे. हेडफोन नीट दाबून धरल्यावर कळला. ओमचा असणार. तो म्हणतो, "निरंजन." मग "ए निरंजन." मग "निऱ्या, हिकडं बघ." गिटार चालूच आहे. तीनदा हाक मारलेली माणसं मी आयुष्यभर शाळेत पाहते. ऐकून न ऐकल्यासारखं करणारी पोर अर्धा क्षण अडखळते, मग पुढे चालते. तू अडखळला नाहीस.

तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकते आहे. मला एकेक आठवायला लागलं. राखीला आलास तेव्हा तेजल तुझ्या डावीकडे बसून तीनदा भाजी मागत होती, तू जेवत राहिलास आणि आम्ही हसलो, म्हणालो, चाकणला जाऊन साहेब झाला. कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितलं तर गॅस बंद करायचा राहून गेला. आणि तू आता फोनऐवजी पत्र का लिहितोस? खोलीत रेंज नाही म्हणतोस, पण तेजलच्या फोनवर तुझे व्हिडिओ येतात. तिने परवा तुला फोन लावला, तू कापलास, आणि लगेच 'काय गं?' असं लिहून पाठवलंस.

माझंच मला हसू येतंय. मी त्याला छाती म्हटलं, आठवीच्या मुलींना ऐकवलं.

गोल गोल विचारत नाही. निरू, तुला ऐकू येतं का?

अक्का

चाकण,
२३ सप्टेंबर २०२५

अक्का,
काहीच्या बाही काय लिहितेस? ड्रमच्या शेजारी उभा राहून वाजवणाऱ्या माणसाला हाक ऐकू येत नाही, ही काय जगावेगळी गोष्ट आहे का? कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशीही कान जरा भरल्यासारखे असतात, सगळ्यांचेच असतात. तेजलचं म्हणशील तर ती तोंडातल्या तोंडात बोलते.

आमच्या कंपनीत दरवर्षी कानांची तपासणी होते. दोन्ही वर्षं मी पास झालोय, कागद आहे माझ्याकडे. या वर्षी माझं परमनंटचं नाव वर गेलंय आणि तू अशा वेळी हे खूळ डोक्यात घेऊन बसलीस. कुणापाशी बोलू नकोस, आईपाशी तर मुळीच नाही. ती इथे येऊन बसेल.

तू नकाशा दिलास त्याबद्दल आभार. त्यावरून सराव करतोय. फक्त अंधारात कसं करायचं ते बघावं लागेल, कारण महोत्सवाच्या लोकांनी दिव्यांची अट काही सोडलेली नाही.

निरंजन

उदगीर,
२९ सप्टेंबर २०२५

चि. ओम यास,
आशीर्वाद. मी निरंजनची थोरली बहीण, विजयश्री. आपण कधी भेटलो नाही, पण तुझा ड्रम मी इतक्यांदा ऐकलाय की तू समोर आलास तर चालीवरून ओळखीन. तुझा पत्ता शेखरकडून तेजलने मिळवला.

तुझं रेकॉर्डिंग ऐकताना मला तुझी हाक ऐकू आली. तीन वेळा. निरंजनला विचारलं तर तो उखडला. तो उखडला म्हणजे मी बरोबर होते, हा आमच्या घरातला जुना अनुभव आहे. दुखणं अंगावर काढायची आमच्या वडिलांची खोड होती, त्यापायी ते लवकर गेले. त्यामुळे माझा जीव थाऱ्यावर नाही. वर्गात मुली चुकीचं गातात आणि मला पत्ता लागत नाही.

तू त्याचा मित्र आहेस, त्याची चुगली कर असं मी सांगत नाही. मला एवढंच कळव की मी काळजी करू की नको. मग मी बघेन.

विजयश्री

खराबवाडी,
८ ऑक्टोबर २०२५

आक्का,
दंडवत. मला पत्र लिव्हायची सवय न्हाई, चुकलं तर सांभाळून घ्या. तुमचं पत्र आलं तवा म्या शेतात होतो, आमची आजी गवराबाई म्हणाली, उदगीरवरनं कुणाचं पत्र आलं रं तुला? तिला वाटलं सोयरीक आली.

काळजी करा, आक्का. खोटं कशाला सांगू.

निरंजनला डाव्या कानानं जवळजवळ काय ऐकू येत न्हाई. उजव्यानं येतं, पण बारीक आवाज जातात. हे असं व्हायचं कारण तुमाला सांगतो. प्रेस शॉपला कानात बोळे घालावे लागतात, कंपनी देते. पण आमच्याकडं आल्या आल्या निरंजन डाव्या कानातला बोळा काढून ठिवायचा. डावीकडं तीन मोठ्या प्रेस हायत, त्या एकामागं एक पडत्यात, त्यांचा ठेका त्याला आवडायचा. म्हणायचा, भावा, ऐक की, हे कुणी बसवलं न्हाई तरी बसलंय. आमच्या बँडचा पयला ठेका त्यातनंच निघाला. तवा म्या बी काढला व्हता बोळा, पर आमच्या चुलत्यानं कानफटात दिली म्हणून परत घातला. त्याला कानफटात द्यायला हितं कुणी नव्हतं.

मग तपासणीत कसा पास झाला, म्हणाल? त्याचं बी सांगतो. वर्षातनं एकदा कानाची गाडी येती कंपनीत. गाडीत काचेची लहान खोली असती. आत माणूस बसतो, कानावर हेडफोन, हातात बटण. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. बाहेर मॅडम मशीनवर असती, शिट्टी सोडली की मशीनवर दिवा लागतो. म्या मॅडमच्या मागं उभा राहतो. दिवा लागला की मिशीवरनं बोट फिरवतो. निरंजन काचेतनं माझ्याकडं बघतो अन् दाबतो. आमच्या लायनीत निम्मी जण असंच पास व्हत्यात, एकमेकाला संभाळून घेत्यात. कान गेलेला माणूस प्रेसवर ठिवत न्हाईत, अन् जो परमनंट न्हाई त्याला तर कुठंच ठिवत न्हाईत. मित्राची भाकर आपल्या बोटावर असली तर तुमी काय केलं असतं?

स्टेजवर बी तसंच हाय. खूण वाजवली की म्या मान हलवतो, त्यो बघून बदलतो. कानानं न्हाई. त्या दिवशी मुरारीनं दिवे घालवले अन् माझी मान त्याला दिसली न्हाई. म्या हाका मारल्या. मग अंधारातच शेखरला हातानं ढोसलं, म्हटलं आता आपणच जाऊ त्याच्याकडं. लोक टाळ्या वाजवत व्हते, अन् मला घाम फुटला व्हता.

हे इतकं दिवस चाललं असतं, पर गेल्या महिन्यात एक झालं. माल न्यायची फोर्कलिफ्ट मागं येत व्हती, डाव्या अंगानं. तिचा भोंगा अख्ख्या शॉपला ऐकू येतो. निरंजन उभाच. म्या कॉलर धरून वढला. ड्रायव्हर शिव्या देत गेला, निरंजन हसला, म्हणाला, आयला, लक्षच नव्हतं. त्या दिवसापास्नं मला झोप न्हाई. म्या सुट्टीवर असलो तर?

गाडी नोव्हेंबरात परत येणार हाय. म्या काय करू, ते तुमी सांगा. त्याला विचारलं तर म्हणतो, या वर्षी एकदा मिशीवर बोट फिरव, परमनंट झालो की मग बघू.

तुमचा,
ओम

उदगीर,
१४ ऑक्टोबर २०२५

निरू,
ओमने मला सगळं लिहिलंय. त्याच्यावर चिडशील तर माझ्याशी गाठ आहे. त्या पोराने तुला दोनदा वाचवलंय, एकदा फोर्कलिफ्टखालून आणि एकदा त्या गोदामात, आणि दोन्ही वेळा तुला वाटलं, काहीच झालं नाही.

मला तुझा राग आलेला नाही. मी घाबरले आहे. तीन दिवस मी डाव्या कानात कापूस घालून घरात वावरले, बघावं म्हटलं. फोडणी करपली. दारावर पोस्टमन बेल वाजवून परत गेला. पण त्याचं काही नाही. संध्याकाळी तंबोरा घेऊन बसले आणि डावीकडच्या तारेचं तेज गेल्यासारखं वाटलं, तेव्हा तंबोरा बाजूला ठेवून रडले. तू हे एकट्याने दोन वर्षं काढलंस आणि मला रेकॉर्डिंग पाठवून विचारलंस, मी कुठे होतो. आपण वाजवलेलं आपल्याला दुसऱ्याकडून विचारून घ्यावं लागतं, ही वेळ माझ्या भावावर यावी?

तुझी अडचण मला कळते. परमनंट होणं म्हणजे काय हे मला शिकवू नकोस, मी अकरा वर्षं कंत्राटी शिक्षिका म्हणून काढली आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची, हेही मला माहीत आहे. पण गोदामात ओम आणि शेखर तुझ्याकडे परत आले, कारण ती माणसं होती. प्रेस कुणाकडे परत येत नाही.

मी लातूरला कानाच्या डॉक्टरबाईंना विचारून आले, नाव तुझं घेतलं नाही. गेलेलं परत येत नाही म्हणाल्या. राहिलेलं राहू शकतं, पण त्या आवाजातून बाहेर आलं तरच. उजवा कान तुझा अजून आहे, निरू. तो तू नोव्हेंबरात ओमच्या मिशीवर उधळणार आहेस का?

तू वाजवणं सोड, असं मी म्हणत नाही आणि म्हणणारही नाही. अंधारातला तो भाग अजूनही मी ऐकते. तो चुकून झाला हे कळल्यावरही काटा येतोच, याचं मला काय करावं कळत नाही. पण त्या लोकांना सांग की दिवे जाणार नाहीत. ओमची मान तुला दिसली पाहिजे.

मी ओमला काही सांगितलेलं नाही. त्याने काय करायचं ते तू त्याला सांगायचं. तो माझ्याकडे विचारायला आला, कारण तू त्याला दुसरं काही सांगतच नाहीस.

उत्तर ताबडतोब पाठव. नाही पाठवलंस तर मी रजा टाकून चाकणला येते, आणि आईला घेऊन येते.

अक्का

चाकण,
२४ नोव्हेंबर २०२५

ती. अक्का,
महिनाभर उत्तर दिलं नाही. दिवाळीलाही आलो नाही. रोज वाटायचं, आज तू गेटवर उभी दिसशील. तू आली नाहीस, थांबलीस, ते बरं केलंस.

तुझा जीव टांगणीला नको म्हणून आधी तपासणीचा निकाल सांगतो. डावा कान खूपच गेलाय. उजवा अर्ध्याच्या जरा वर आहे. कंपनीने मला दुसऱ्याच दिवशी प्रेस शॉपमधून काढून डिस्पॅचला बसवलं, तिथे शांत असतं. परमनंटचं विचारलं तर साहेब म्हणाले, बघू. ते 'बघू' कसलं आहे ते अजून कळलेलं नाही, रोज त्यांच्या तोंडाकडे पाहतो. पुढच्या मंगळवारी निगडीच्या दवाखान्यात कानाच्या यंत्राचं माप घ्यायला जायचंय. महोत्सवाच्या लोकांना दिव्यांचं कळवलं, खरं कारण लिहून. त्यांचं अजून काही आलेलं नाही. शेखर माझ्याशी चार दिवस बोलला नाही, मग स्वतःच सरावाला येऊन माझ्या उजव्या बाजूला उभा राहिला.

आता गाडीचं सांगतो. रांगेत ओम माझ्या मागे होता. मी त्याला आदल्या दिवशी सांगणार होतो, तुझं पत्र खिशात होतं. पण सरावाच्याच गप्पा मारत राहिलो. रांगेत उभं असताना तो हळूच म्हणाला, "काय करायचं, भावा?" तो उजवीकडून म्हणाला म्हणून मला ऐकू आलं. मी म्हणालो, "नेहमीसारखं." अक्का, खरंच तेच म्हणालो. तुझी सगळी पत्रं वाचून, लातूरच्या डॉक्टरबाईंचं वाचून, त्या घडीला माझ्या डोक्यात एकच होतं, की या वर्षी एकदा सुटलो की झालं.

आत गेलो. तपासणीच्या मॅडमनी दार ओढून घेतलं. हेडफोन घातल्यावर आधी ती कुई सुरू झाली, जी माझ्या कानात दिवसरात्र असते. मी काचेतून बाहेर पाहिलं. ओम त्याच्या जागी उभा होता, मॅडमच्या मागे. दोन वर्षं त्या खोलीत मी कानाने काही केलेलं नाही, फक्त त्याच्या मिशीकडे पाहत आलोय. त्याने माझ्याकडे पाहिलं. हात मिशीपर्यंत आणला. मग हात खाली घेतला आणि वळला. माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

मला त्याचा इतका राग आला की बटण फेकून बाहेर यावंसं वाटलं. मग भीती वाटली. मॅडम मान खाली घालून काहीतरी फिरवत होत्या. म्हणजे शिट्ट्या सुटत असणार. माझ्या कानात कुईशिवाय काही नव्हतं. अंदाजाने दाबावं का, असं दहादा मनात आलं. बोट बटणावर होतं. दाबलं नाही. मॅडमनी एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खाली घातली, पुन्हा फिरवलं. तरी काही नाही. ओमची पाठ मला दिसत होती आणि त्याचे खांदे हलत होते. रडत होता, अक्का. एवढा मोठा गडी, रांगेतल्या सगळ्यांसमोर.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग फार खालून, जाड असा एक आवाज आला. कुई नव्हती ती, वेगळा होता. खरा वाटला. मी बटण दाबलं. मॅडमनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं.

तो मी ऐकला, अक्का. ओमने नाही.

तुझा,
निरू